तांबड्या बासनातली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनं तांबडं बासन आहे आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा हळव्या असतात. फुटका घडा डोळ्यांत पाणी आणतो, मोडकी छत्री उसासे टाकते. मीही थोडं रडून घेईन, आमच्यात ती रीतच आहे. पण आधी माझा राग ऐकून घ्या, कारण तो माझ्या एकट्यापुरता नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी बासन पाहिलेलंही नसेल. पोथी बांधून ठेवायचं चौकोनी फडकं आणि त्याच्या एका कोपऱ्याला शिवलेली नाडी, एवढंच आमचं रूप. माझं कापड खारव्याचं, म्हणजे जाडंभरडं आणि पक्क्या रंगाचं. कल्याणच्या बाजारात असल्या खारव्याचे तागे व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधायला विकले जात. माझ्याच ताग्यातली माझी भावंडं गुळाच्या नि भाताच्या हिशेबांवर गुंडाळली गेली आणि पेढीवर घामेजून मेली. माझं नशीब थोर, मला अण्णांनी पोथीसाठी घेतलं.

अण्णा म्हणजे कल्याणचे एक निवृत्त हेडमास्तर. धोतर, काळा कोट, टोकदार मिशा आणि त्याहून टोकदार मतं. त्यांच्या पत्नीने मला पांढऱ्या दोऱ्याने दुमड घातली, कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाची वाळकी पानं ठेवली आणि मी पोथीच्या अंगावर चढलो. दर चातुर्मासात अण्णा आंघोळ करून, सोवळं नेसून माझी गाठ सोडत. पारोशाने मला शिवायची कुणाला मुभा नव्हती. वाचन झालं की घरची मंडळी पोथीला नमस्कार करायला येत, पण तोवर पोथी माझ्या पोटात गेलेली असे. म्हणजे नमस्कार मलाच मिळत. त्याचा मला भारी अभिमान वाटे.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांची बहीण काशीयात्रेहून परतली ती पोथीसाठी जरीकाठी रेशमी बासन घेऊन. झालं, पोथीने नवं नेसलं आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. कशाला, तर कंदिलाची काच पुसायला. काल ज्याला पारोशाने शिवत नव्हते त्याच्या अंगावर आज काजळी. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते असं. पातेलं उतरवायलासुद्धा मला वापरत, आणि माझा एक कोपरा अजून करपलेला आहे तो त्याच दिवसांतला.

तिथून मला सोडवलं ते उत्तराने. उत्तरा ही अण्णांची सून. बी.ए., बी.टी. झालेली आणि ठाण्याला नौपाड्यातल्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारी. पुढे ज्या मुली प्राथमिक शाळांत शिक्षिका होणार त्यांना शिकवावं कसं हे ती शिकवी. तिचा विषय वाचन. मुलांना अक्षरओळख कशी करून द्यावी, त्यांना वाचनाची गोडी कशी लावावी, वगैरे. नोकरी अजून कच्ची होती. येत्या जूनला कायम करू असं मोठ्या बाईंनी, म्हणजे कॉलेजच्या मुख्य बाईंनी, तिला सांगितलं होतं. घरातून तिच्या नोकरीला विरोध नव्हता. विद्यादान हे पुण्यकर्म, असं अण्णा म्हणत, आणि सुनेचा पगार काही कुणाला चावत नाही. तिचे यजमान हरिहर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ते घरात कुणाच्याच बाजूचे नव्हते, त्यामुळे त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

अडचण होती ती एका शब्दाची. अण्णांचा तो आवडता शब्द, अवांतर. हेडमास्तर असताना एखाद्या मुलाच्या दप्तरात गोष्टीचं पुस्तक सापडलं की ते त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा मारत, ‘अवांतर वाचन करतो.’ विड्या ओढतो, शाळा चुकवतो, त्याच पंक्तीतला हा शेरा. उत्तराने शिक्षणशास्त्रावरची पुस्तकं वाचलेली त्यांना चालत, नव्हे आवडत. ती नोकरीच्या उपयोगाची. पण कादंबरी? घरच्या सुनेने? तीही दिवसाढवळ्या, नुसतं वाचायला बरं वाटतं म्हणून? एकदा तिच्या हातात कादंबरी दिसली तर ते तिला काही बोललेच नाहीत. हरिहरांना हाक मारून त्यांनी एवढंच म्हटलं की मास्तरणीला वेळ बराच मिळतो म्हणायचा. त्या दिवसापासून बिचारीच्या कादंबऱ्या कधी पिठाच्या डब्यामागे तर कधी गादीखाली राहू लागल्या.

एके दिवशी काच पुसता पुसता तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. तिने मला रिठ्याच्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं, उसवलेली दुमड परत घातली. मग माझ्यात दोन पुस्तकं पाठीला पाठ लावून बांधली. एक जाड, मुलांना वाचन कसं शिकवावं यावरचं. दुसरं बारीकसं, कादंबरीचं. आणि मला सरळ ओटीवरच्या फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठेवून दिलं.

मित्रांनो, त्या घरात तांबडं बासन म्हणजे पोथी, यात कुणाला शंका नव्हती. सुनेने स्वतःची एखादी लहान पोथी लावली आहे असं अण्णांनी गृहीत धरलं. जाता येता ते माझ्याकडे पाहून हात जोडत. आत असायची एका खलाशाची बायको. तिचा नवरा गलबतावर गेलेला, वर्षं लोटलेली, आणि गाव तिला म्हणतंय की आता कुंकू पूस. ती पुसायला तयार नाही. अशा त्या बाईला अण्णा रोज सकाळी नमस्कार करत होते! मला हसू आवरत नसे.

पण हसू ओसरलं की राग येई. माझा जन्म पानं जपण्यासाठी झाला. धूळ, दमट हवा, झुरळं यांच्यापासून पुस्तक राखावं, हा माझा धर्म. आणि इथे माझ्याकडून करून घेत होते लपवाछपवी. तीही कुणाची, तर जिने वाचनाची गोडी कशी लावावी हे शिकवायचं त्याच बाईची! जी पोहायला शिकवते तिने म्हणे पाण्यात पाय घालायचा नाही. उत्तराला मी दोष देत नाही. जिला घरात पुस्तक लपवावं लागतं तिच्यावर चिडून काय होणार, त्या घरावर चिडावं.

दोन्ही पुस्तकं माझ्याच पोटात असल्यामुळे मला दोघांचाही स्वभाव कळला. जाड पुस्तक विद्वान होतं. वाचनाच्या गोडीवर त्यात एक लांबलचक प्रकरण होतं आणि त्या प्रकरणात गोडी सोडून सगळं होतं. तरी त्यात एक वाक्य बावनकशी होतं. जे मूल आपल्या मर्जीने एक पुस्तक पुरं करतं त्याला दुसरं द्यावं लागत नाही, ते मागतं. उत्तराने त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली, जरा वेळ विचार केला आणि जाड पुस्तक मिटून पातळ उघडलं. मग मात्र तिला चुलीवरच्या दुधाची आठवण राहिली नाही. दूध उतू गेलं. अण्णांनी विचारलं तर म्हणाली, वाचत होते. ‘बरं बरं,’ म्हणून ते माझ्याकडे पाहून परत हात जोडून गेले.

आता मालनची गोष्ट. तिच्याचसाठी मी बोलायला उभा राहिलो आहे.

मालन ही ट्रेनिंग कॉलेजातली विद्यार्थिनी. ठाकुर्लीपलीकडच्या, खाडीच्या बाजूच्या एका आगरी गावातली. बाप दौलत पाटील, थोडी भातशेती आणि उरलेले महिने मिठागरावर मजुरी. त्या गावातून फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा पास झालेली ही पहिली मुलगी. सरकारी विद्यावेतन मिळालं म्हणून वसतिगृहात राहून शिकत होती. भावकीने दौलतला बजावलं होतं की शिकली तर शिकली, पण मध्येच परत आली तर त्याच हंगामात लग्न लावून उजवून टाकायची. म्हणजे तिला मागे फिरायला वाटच नव्हती.

एकदा मालनने सराव पाठासाठी टाचण लिहून आणलं. टाचण म्हणजे पाठ घेण्यापूर्वी शिक्षकाने लिहायचा त्याचा आराखडा. त्यात सुरुवातीला हेतू लिहायचा आणि खाली लागणारं साहित्य. मालनने लिहिलं होतं, हेतू: मुलांमध्ये वाचनाची गोडी निर्माण करणे. साहित्य: खडू, फळा, पुसणे, तक्ता. कॉलेजात सगळ्याच मुली असंच लिहीत आणि सगळ्याच बाई त्याखाली ‘ठीक’ लिहीत. उत्तरानेही लिहायला पेन उचललं होतं, पण आदल्याच दिवशी ओढलेली ती पेन्सिलीची रेघ तिला आठवली असावी. तिने मालनला विचारलं, यात पुस्तक कुठे आहे? आणि तुला स्वतःला कुठल्या पुस्तकाची गोडी लागली?

मालनने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “बाई, खरा सांगू? लावलेल्या पुस्तकांशिवाय मी एक पन पुस्तक वाचला नाय.”

लावलेलं पुस्तक म्हणजे सरकारने अभ्यासाला लावलेलं. ते वाचायचं, पाठ करायचं, परीक्षेत ओकायचं आणि रद्दीत घालायचं. ही मुलगी उद्या शाळेत जाऊन पोरांना गोडी लावणार होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि यात तिचा काय दोष? तिला कुणी दुसरं पुस्तक कधी दाखवलंच नव्हतं. कॉलेजात कपाटभर पुस्तकं होती, पण ते कपाट तपासणीच्या दिवशी उघडे, धूळ झटकली जाई आणि परत बंद होई. हरवलं तर कोण भरून देणार, असं विचारून मोठ्या बाईंनी किल्ली पर्समध्ये ठेवलेली असे. गाडीत वाचायला म्हणून उत्तरा मला पिशवीतून नेत असे; तिने मला बाहेर काढलं, जाड पुस्तक ठेवून घेतलं आणि खलाशाच्या बायकोसकट मला मालनच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, मी पोथी वाचणारे पाहिले, शास्त्र वाचणारे पाहिले, पण मालनसारखं वाचताना कुणाला पाहिलं नाही. ती ओठ हलवत, बोट फिरवत, एकेक ओळ चवीने वाची. खलाशाच्या बायकोला गावाने वाळीत टाकलं तेव्हा हिने दुपारचं जेवण टाकलं. संपत आलं तशी ती हात आखडून रोज अर्धंच पान वाची, कारण संपलं तर पुढे काय हा तिला प्रश्न पडला होता. वाचून झालं की नीट बांधून मला उशाशी ठेवी. माझ्या उभ्या आयुष्यात माझी एवढी बडदास्त कुणी ठेवली नव्हती.

आणि तिथेच घात झाला. वसतिगृहाच्या रेक्टरबाई रविवारी मुलींच्या ट्रंका तपासत. शिस्तीच्या भारी. हातात सदा क्रोशाची सुई नि दोऱ्याचा गुंडा. त्यांची नजर उशाशी असलेल्या तांबड्या बासनावर गेली आणि त्या दारातच थबकल्या.

“ही पोथी आहे? तुझ्या उशाशी? तुला कुणी अधिकार दिला ग हिला शिवायचा?”

मालन घाबरून खरं बोलली. “पोथी नाय बाई. गोष्टीचा पुस्तक हाय.”

रेक्टरबाईंनी नाडी ओढली, पुस्तक पाहिलं आणि त्यांचा आवाज आणखी चढला. मग परवानगी कुणाची घेतलीस, असं त्यांनी विचारलं. बाहेरचं पुस्तक शिक्क्याशिवाय आत आलंच कसं?

ऐकलंत? पोथी असती तर या मुलीला अधिकार नाही. कादंबरी आहे तर परवानगी नाही. मग तिने वाचायचं तरी काय, खडूच्या खोक्यावरचं लेबल? मी त्या वेळी कापड नसतो तर ओरडलो असतो. आजवर मला सोवळ्यात ठेवलं याचा अभिमान मिरवत होतो, त्याची मला त्या दिवशी प्रथमच शरम वाटली. माझ्या अंगाला पारोशाने शिवायचं नाही, हा नियम कुणाकुणाला दूर ठेवण्यासाठी होता हे मला तेव्हा उमगलं.

मला आणि पुस्तकाला पुरावा म्हणून जप्त केलं आणि रेक्टरबाईंच्या खोलीत नेलं. आणि पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुली सराव पाठांना गेल्या की या बाई दार लोटून घेत आणि पुरावा उघडत. पहिल्या दुपारी नाक मुरडून, दुसऱ्या दुपारी पाय पसरून, आणि तिसऱ्या दुपारी पदराने डोळे पुसत. क्रोशाचं विणकाम मांडीवरून खाली पडलं तरी भान नव्हतं. खूण म्हणून पानांत पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा घालत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! ज्या पुस्तकासाठी त्या मुलीला घरी पाठवा म्हणून सांगत होत्या, तेच पुस्तक पुरं केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नव्हता.

घरी पाठवा, हेच त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं होतं. नियम मोडला, पुस्तक कुणी दिलं तेही सांगत नाही. दौलतला निरोप गेला. तो बिचारा भाताची कामं टाकून आला आणि कॉलेजच्या व्हरांड्यात बाकाच्या कडेवर टेकून बसला. मालनची पत्र्याची ट्रंक त्याच्या पायाशी होती.

आत मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलावर आम्ही दोघं, मी आणि पुस्तक. एका बाजूला रेक्टरबाई, समोर मालन. उत्तराला बोलावलं होतं ते कागदावर सही करायला, कारण ती मालनच्या वर्गाची बाई. ती आत आली, मला तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मोठ्या बाईंनी मालनला शेवटचं विचारलं, पुस्तक कुणी दिलं? मालनने उत्तराकडे बघितलंसुद्धा नाही. रस्त्यात गावला, म्हणाली.

उत्तराला गप्प बसणं किती सोपं होतं! एक सही, आणि जूनमध्ये नोकरी कायम. बोलली तर नोकरीवर पाणी, आणि घरी अण्णांना कळणार की त्यांचे हात इतके दिवस कुणासमोर जुळत होते. तिने कागदावर टेकवलेलं पेन उचललं. मग तिने ते खाली ठेवलं.

“ते बासन माझं आहे,” ती म्हणाली. “पुस्तकही माझं. मी दिलं तिला.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. वाचन कसं शिकवावं हे शिकवणाऱ्या बाईंनी मुलींच्या हाती कादंबऱ्या द्याव्यात याचं त्यांना नवल वाटलं. उत्तराने सांगितलं, वाचन शिकवते म्हणूनच दिली. शिक्षणशास्त्रावरचं पुस्तकही मी याच बासनात ठेवते, दोन्ही वाचते, आणि मला विचाराल तर मुलांना पुस्तकाची गोडी कशी लावावी हे मला त्या शास्त्रापेक्षा या गोष्टीने जास्त शिकवलं. आपण मुलींकडून गोडी हा शब्द टाचणात लिहून घेतो आणि गोडी लागली की ट्रंक बांधायला सांगतो.

रेक्टरबाई उसळल्या. असल्या पुस्तकांनी मुली बिघडतात, त्यातली ती बाई कसली, असं बरंच काही बोलल्या. त्या बोलत असताना उत्तराने पुस्तक हातात घेतलं. शेवटच्या प्रकरणात तिला पांढऱ्या क्रोशाच्या दोऱ्याचा तुकडा दिसला. तिने रेक्टरबाईंच्या मांडीवरच्या गुंड्याकडे पाहिलं, आणि वाचणाऱ्याने वाचणाऱ्याला विचारावं तसं अगदी सहज विचारलं.

“शेवट कसा वाटला हो तुम्हाला?”

“तिनं होडीत बसायलाच नको होतं,” रेक्टरबाई पटकन बोलून गेल्या. “अहो नवऱ्याचं पत्र वाटेत होतं, चार दिवस धीर धरला असता तर...” आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला.

बोलली ती मालन. तिचं पुस्तक शेवट येण्याआधीच जप्त झालं होतं.

“म्हंजी तो जिता हाय?” तिने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्या क्षणी तिला ट्रंक, बाप, लग्न, कशाचीही आठवण नव्हती.

मोठ्या बाईंना कळायचं ते कळलं. त्यांनी चष्मा परत चढवला, कागद एकावर एक सारखे केले आणि घसा खाकरून म्हणाल्या, “झालं ते झालं. मालनने माफी लिहून द्यावी, पुस्तक तुम्ही परत घरी न्यावं, आणि कुणी कुठे काही बोलू नये. हे प्रकरण आपण इथेच बासनात गुंडाळू.”

मित्रांनो, माझ्या रागाचं मूळ इथे आहे. कुणाला काही दडपायचं असलं, विसरायचं असलं, अंगावर येऊ द्यायचं नसलं की ते म्हणे बासनात गुंडाळायचं! मंत्र्यांच्या योजना बासनात, समित्यांचे अहवाल बासनात, आणि आता एका मुलीवर झालेला अन्यायही बासनात. आम्ही काय उकिरडा आहोत? बासनात ठेवायचं ते जिवापाड जपलेलं. पुन्हा काढायचं, वाचायचं, पुन्हा नीट बांधायचं. तुम्ही मोठी माणसं ज्याला बासनात गुंडाळणं म्हणता त्याला आमच्यात पुरणं म्हणतात. बोलता येत नसल्याचं दुःख मला त्या दिवसाइतकं कधी झालं नाही.

पण माझ्या वतीने बोलणारी होती. उत्तराने टेबलावरून मला उचललं.

“बासन माझं आहे, बाई,” ती म्हणाली. “त्यात काय गुंडाळायचं ते मी ठरवीन.”

तिने माझी शांतपणे घडी घातली. पुस्तक उघडंच मालनच्या हातात दिलं आणि तिला सांगितलं की जा, शेवट वाचून घे. माफी कशाची लिहायची ते आधी मला समजावून सांगा, मग ती लिहील, असं तिने मोठ्या बाईंना म्हटलं. मोठ्या बाईंनी माफीसाठी काढलेला कागद परत खणात सरकवला. रेक्टरबाई गुंड्याचा दोरा गुंडाळत आणि उलगडत राहिल्या. मालन छातीशी पुस्तक धरून बाहेर आली. कॉलेजच्या व्हरांड्यातून कादंबरी अशी उघडी जाताना कुणी पाहिली नव्हती. दौलत उठून उभा राहिला. त्याने लेकीकडे पाहिलं, उत्तराकडे पाहिलं आणि ट्रंक उचलून खांद्यावर घेतली.

“बाई, पेटी कुठं ठेवू? आत का भायेर?”

“आत,” उत्तरा म्हणाली.

मालन राहिली, परीक्षा पास झाली. आणि उत्तराला जूनमध्ये एक चिठ्ठी मिळाली की तिच्या जागेची यापुढे आवश्यकता नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! रेक्टरबाई होत्या तिथे राहिल्या, कपाटाची किल्ली होती त्या पर्समध्ये राहिली. हे आठवलं की अजून माझा तांबडा रंग आणखी तांबडा होतो.

घरी तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नोकरी गेल्याचं अण्णांना वाईट वाटलंच, पण त्यांना लागलं ते वेगळंच. त्यांनी फळीकडे पाहिलं.

“इतके दिवस मी नमस्कार कुणाला केला म्हणायचा?”

“पुस्तकाला, अण्णा,” उत्तरा म्हणाली.

तो शब्द, अवांतर, मी अण्णांच्या तोंडून परत ऐकला नाही असं मी सांगणार नाही, ऐकला. माणसं एका दिवसात बदलत नसतात. पण उत्तराच्या कादंबऱ्या ओटीवर उघड्या पडू लागल्या आणि त्या उचलून आत ठेवा, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. उत्तराला पुढे डोंबिवलीच्या एका शाळेत काम मिळालं. पगार कमी होता. तिथे तिने आठवड्यात एक तास नुसत्या वाचनाला ठेवला, ज्यावर प्रश्न विचारायचे नाहीत असा. शाळेने त्याला नाव दिलं मोकळा तास आणि तो बंद पाडायचा दोनदा प्रयत्न केला.

मला तिने मालनला देऊन टाकलं, दोन्ही पुस्तकांसकट. सध्या माझा मुक्काम खाडीकाठच्या लोकलबोर्डाच्या शाळेत आहे. मालन आता मालनबाई आहे. ती मला टेबलावर अंथरते, वर गोष्टीची पुस्तकं मांडते आणि पोरं शेतातल्या नि मिठागरातल्या हातांनी ती उचलतात. मागच्या हिवाळ्यात शाळातपासणीला दिपोटीसाहेब आले होते. त्यांनी दोन बोटांनी एक पुस्तक उचललं आणि विचारलं की ही कुठल्या इयत्तेला लावलेली आहेत.

“लावलेली नाहीत साहेब,” मालनबाई म्हणाली. “पोरांना लागलेली आहेत.”

साहेबांनी शेरा लिहिला, अवांतर पुस्तकांवर वेळ जातो. लिहू देत. शेरे मारणाऱ्यांच्या शाया वाळून गेल्या, पोरं वाचतायत.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. पुस्तकं जपा. धुळीपासून जपा, पावसापासून जपा, कसरीपासून जपा. पण माणसांपासून जपू नका. कुणाच्या उशाशी पुस्तक दिसलं तर ते कुठलं, कुणाचं, कुणाला विचारून आणलं, असं विचारण्याआधी शेवट काय झाला ते विचारा. आणि मला बांधायचंच असेल तर सुरगाठीने बांधा, एका ओढीत सुटेल अशी. मी आता जागोजाग विरलो आहे, फार दिवस टिकणार नाही. मला त्याचं दुःख नाही. मला सोडता-बांधताच फाटायचं आहे.